दुसऱ्या ओळीवरून तिसरी ओळ

विद्यापीठात सगळे त्यांना 'मागच्या बाकाच्या बाई' म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं 'बाई'. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे त्यांचं राज्य असे. स्वतःचं पुढचं शिक्षण चालू असतानाच ज्यांना पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवायचं काम मिळालेलं असे, अशी पंधरावीस मुलं त्या दोन आठवड्यांसाठी बाईंच्या हवाली केली जात. काल-परवापर्यंत बाकावर बसून शिक्षकांच्या नकला करणारी ही पोरं, फळ्यासमोर उभं राहायचं म्हटल्यावर त्यांची बोबडी वळे.

बाई त्यांना शिकवायला शिकवीत. "फळ्याशी बोलू नका, फळ्याला परीक्षा द्यायची नाही." "उत्तरपत्रिका तपासताना एकाचा अख्खा पेपर संपवू नका. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. नाहीतर तुम्हाला भूक लागल्यावर ज्याचा पेपर हातात येतो, त्याचं नशीब फुटतं." आणि एक गोष्ट त्या दर वर्षी, दर तुकडीला, खडू खाली ठेवून सांगत. "येत नसेल तर 'मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो' म्हणा. या वाक्यानं आजवर कुणाचं नाक कापलं गेलेलं नाही."

मग सरावाचे तास. प्रत्येकानं रिकाम्या वर्गात दहा मिनिटं शिकवायचं. बाकीची मुलं बाहेर, कारण मित्र समोर असले की कुणी शायनिंग मारतं, कुणी फिसकन हसतं. आत फक्त शिकवणारा, तिपाईवरचा कॅमेरा आणि मागच्या बाकावर वही घेऊन बाई.

त्या वर्षी नेहमीच्या खोलीत विजेच्या तारा बदलायचं काम निघालं आणि त्यांना जुन्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. पायऱ्यापायऱ्यांची, साठ जणांची. प्रत्येक जागेची बसायची फळी स्प्रिंगची होती. माणूस उठला की ती 'खट्' करून मिटे. शिपायानं कुलूप काढलं तेव्हा बाई क्षणभर उंबऱ्यातच थबकल्या. एकतीस वर्षांत त्या या खोलीत आल्या नव्हत्या. कधी कामच पडलं नाही, असं त्या स्वतःला सांगत.

पहिला वनस्पतिशास्त्राचा एक मुलगा. सारखी चुळबुळ, शर्टाचं वरचं बटण पिळून पिळून तुटायला आलेलं. झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं चढतं, हे तो सांगत होता. सातव्या-आठव्या मिनिटाला तो थांबला. तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बघून म्हणाला, "हो, विचार ना." मग मान हलवत ऐकत राहिला. "बरोबर. मधलं सांगायचं राहिलंच माझं." असं म्हणून तो मागे गेला आणि गाळलेली पायरी नीट समजावून पुढे निघाला.

बाईंनी वहीत लिहिलं, 'काल्पनिक विद्यार्थी आणला. छान युक्ती.' बाहेर पडताना त्याला म्हणाल्या, "प्रश्न चांगला हाताळलास."

"थँक यू बाई. पण घाम फोडला हो त्या प्रश्नानं," तो म्हणाला.

दुसरी संख्याशास्त्राची मुलगी. तीही मधेच थांबली, तिथंच बघितलं, ऐकलं, उत्तर दिलं. बाईंना वाटलं, दोघांनी जिन्यात ठरवून केलंय. पण तिसरे आले ते रसायनशास्त्राचे 'कारखानेवाले'. बारा वर्षं कारखान्यात काढून पुन्हा शिकायला आलेले, दोन मुलांचे बाप, पोरासोरांत न मिसळणारे. त्यांनीही तेच केलं. तेव्हा मात्र बाईंनी वही मिटली.

"तुम्हाला ही युक्ती कुणी सांगितली?"

"कसली युक्ती?"

"मधे थांबून उत्तर दिलंत ती."

"अहो, त्या मुलीनं विचारलं म्हणून दिलं," कारखानेवाले म्हणाले. "तिसऱ्या रांगेतली. खिडकीकडून दुसरी. तुम्हीच बसवली असणार ना, आम्हाला जोखायला?"

बाई मागच्या बाकावरून सगळी खोली बघत होत्या. तिसऱ्या रांगेत कुणीही नव्हतं. तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो, मीच बसवली. काय विचारलं तिनं?"

"म्हणाली, सर, दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर कसे आलात? फळ्याकडे वळून बघतो तर खरंच एक पायरी खाल्लेली. पोरगी हुशार आहे हो. कानामागे पेन्सिल, निळ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. भीडभाड म्हणून नाही."

ती मुलगी बाईंना माहीत होती.

एकतीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच नव्या नव्या शिकवायला लागल्या होत्या. वय तेवीस, आणि तयारी म्हणाल तर शून्य. प्राध्यापकांनी हातात टिपणांची वही कोंबली आणि 'जा, घे वर्ग' म्हणून पिटाळलं. याच खोलीत, याच फळ्यावर त्यांनी एक गणित उतरवलं. दुसऱ्या ओळीत एक भलंमोठं वर्गमूळ होतं, तिसऱ्या ओळीत ते गायब. दोन ओळींच्या मधे टिपणात एकच शब्द होता, 'म्हणून'. तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर कसे आलो?"

बाईंना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे तर शाळेतलं पोरसुद्धा सांगेल." वर्ग खो खो हसला. पुढच्या आठवड्यात मुलीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाई म्हणाल्या, "वेळ नाही." तिसऱ्या आठवड्यात तिनं परत हात वर केला, तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहिल्या. चौथ्या आठवड्यापासून ती जागा रिकामी दिसू लागली.

ती पायरी बाईंना समजायला त्यानंतर दोन वर्षं लागली. गाळलेल्या ओळी तीनच होत्या. पण तोवर सांगायचं कुणाला?

त्या संध्याकाळी बाईंनी कॅमेऱ्यातलं चित्रण घरी आणलं. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई निवृत्त नर्स. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. जन्मभर माणसं मरताना बघितली, एकही परत भेटायला आलं नाही, असं ती म्हणे. बाईंनी तिला काही न सांगता चित्रण दाखवलं. कॅमेऱ्याचं तोंड फळ्याकडे असल्यामुळे बाक दिसत नव्हते, फक्त शिकवणारे दिसत होते.

"कोणाशी बोलतोय हा?" ताईनं विचारलं.

"रिकाम्या खोलीशी."

"छे! रिकाम्याकडे बघणाऱ्याची नजर सैरभैर असते. याचे डोळे बघ, एका चेहऱ्यावर ठरलेत." ताईनं चष्मा पुसून पुन्हा लावला. "समोर माणूस आहे, बाई."

ताई एरवी बाईंना 'छोटी' म्हणे. 'बाई' म्हटलं, म्हणजे ती घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कॅमेऱ्याचं तोंड बाकांकडे वळवलं. मुलांना सांगितलं, आज फळ्यापासून वर्ग कसा दिसतो ते बघायचंय. तास झाले. प्रत्येक जण मधे एकदा थांबला, ऐकलं, उत्तर दिलं. बाई डोळ्यांत तेल घालून तिसऱ्या रांगेकडे बघत होत्या. सगळ्या फळ्या मिटलेल्या, वर उन्हाचा पट्टा, बाकी काही नाही. तास संपल्यावर वर्गातच त्यांनी चित्रण लावलं. चित्रणात तिसऱ्या रांगेतल्या सगळ्या फळ्या मिटलेल्या होत्या. एक सोडून. खिडकीकडून दुसरी फळी खाली होती. पूर्ण तासभर खाली होती. शेवटच्या मुलानं खडू ठेवला तशी ती सावकाश वर गेली आणि 'खट्' झालं. वर्गात बसलेल्या बाईंनी तो आवाज ऐकला नव्हता. कॅमेऱ्यानं ऐकला होता.

दुसरं कुणी असतं तर शिपायाला किल्ली देऊन मोकळं झालं असतं. पण बाईंच्या मनात भीतीपेक्षा एक विचार मोठा होता. ती मुलगी गेली असेल, जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असेल, आणि ते आपल्यामुळे.

जुन्या दप्तरखोलीतल्या काकांनी धुळीनं शिंकत शिंकत त्या वर्षीचे हजेरीपट काढून दिले. नाव सापडलं. समोर तीन आठवडे टिंबं, मग लाल शाईची आडवी रेघ. प्रवेश अर्जावर पत्ता होता. बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पत्त्यावर गेल्या. तिथं आता दुसरंच बिऱ्हाड होतं, पण शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोण, चष्मेवाल्याची मुलगी? ती काय, कोपऱ्यावर. दुकान तीच चालवते की!"

बाईंना हायसं वाटलं, ते क्षणभरच. ती जिवंत होती, तर मग खोलीत कोण बसत होतं?

दुकान लहानसं होतं. काउंटरमागे पन्नाशीला टेकलेली एक स्त्री यंत्रावर काच घासत होती. केस पिकलेले, कानामागे पेन्सिल. बाईंनी आपला चष्मा पुढे केला. "स्क्रू ढिला झालाय बहुतेक."

चष्मेवालीनं वर न बघताच चष्मा हातात घेतला. "स्क्रू चांगला आहे. आवाज ओळखला मी तुमचा. गणित शिकवायच्या तुम्ही."

बांध फुटल्यासारखं बाईंच्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं. त्या वेळी मी चुकले, तुमचं हसं करायला नको होतं, तुम्ही कॉलेज सोडलंत ते माझ्यामुळे.

चष्मेवाली ऐकून हसली. "अहो, एवढ्याशा हसण्यानं कुणी कॉलेज सोडतं का? वडील अंथरुणाला खिळले. दुकान उघडायला माणूस नव्हतं. तुमचा काय संबंध?" मग तिनं यंत्र बंद केलं. "कॉलेज सुटलं ते सुटलं. प्रश्न तेवढा अडकून राहिला."

"अडकून म्हणजे?"

"कुणाला सांगू नका, येडी म्हणतील. दुपारी दुकान बंद करून मी मागं जरा आडवी होते. डोळा लागला, की कधीकधी मी त्या खोलीत असते. माझ्या जागेवर. इतकी वर्षं खोली रिकामीच असायची. फळा पुसलेला. बसून बसून कंटाळा आला की उठायची नि जाग यायची. या आठवड्यात मात्र रोज कुणी ना कुणी येतं. फळ्यावर लिहितं. परवा एक जण आलेला, सारखा बटण पिळत होता. झाडात पाणी कसं चढतं ते सांगत होता."

बाई काउंटरवर पुढे वाकल्या.

"मी विचारते," चष्मेवाली म्हणाली, "आणि सांगतात हो! कुणी खेकसत नाही. एकानं तर 'बरोबर आहे तुझं' म्हटलं. कोण शिकवतं ह्या पोरांना?"

"मी," बाई म्हणाल्या. "मी तिथंच असते. मागच्या बाकावर."

चष्मेवालीनं मान हलवली. "मागच्या बाकावर कुणी नसतं," ती म्हणाली. "मी दर वेळी वळून बघते. फक्त वही असते. उघडी."

मग बाईंनी काउंटरवरचं चष्म्याच्या काचांचं एक रिकामं कागदी पाकीट ओढलं आणि त्यावर ते गणित मांडलं. पहिली ओळ, दुसरी ओळ. मग गाळलेल्या तिन्ही ओळी, एकेक, सावकाश. चष्मेवाली कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या बरोबरीनं खुणा करत होती.

"अच्छा, वर्गमूळ इथं गेलं होय! आणि त्या एका 'म्हणून'मधे एवढं सगळं दडवलं होतंत?"

"हो."

"बाई, हे तुम्हाला तेव्हा येत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मला तेव्हाच वाटलं होतं," चष्मेवाली म्हणाली, आणि बाईंना वाटलं, एकतीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "येता का खोली बघायला? माझ्याबरोबर?"

"जागेपणी नको," चष्मेवाली पटकन म्हणाली.

आता प्रश्न सुटला, आता सगळं थांबेल, असं बाईंना वाटलं होतं. शेवटचा सराव एका भौतिकशास्त्राच्या मुलीचा होता. ती इतकं हळू बोले, की बाईंनी दोन आठवडे तिच्यामागे 'आवाज, आवाज' म्हणून धोशा लावला होता. त्या दुपारी बाई मागच्या बाकावर गेल्याच नाहीत. तिसऱ्या रांगेत, खिडकीकडून तिसरी फळी पाडून त्यावर बसल्या. शेजारची दुसरी फळी मिटलेली होती. हे त्यांनी दोनदा बघितलं.

मुलगी शिकवू लागली. आज आवाज बरा लागला होता. बाई वहीत तेवढं लिहायला वाकल्या, मान वर केली, तर शेजारची फळी खाली होती. आवाज झाला नव्हता. पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा ताज्या लाकडाचा वास आला. बाईंनी मान वळवली नाही. वळवायचं धाडसच झालं नाही. शेजारणीचं कोपर जिथं टेकलं असतं तिथं गार वाटत होतं, त्या तशाच बसून राहिल्या.

मुलगी बोलता बोलता थांबली. "हो?" म्हणाली. प्रश्न ऐकून घेतला. मग बाईंकडे बघितलं, पुन्हा शेजारी बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला माहीत नाही. उद्या बघून सांगते."

तास संपल्यावर बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. "काय विचारलं गं तिनं? दुसऱ्या ओळीवरून..."

"नाही बाई. शिकवण्याबद्दल काहीच नाही." मुलगी पुन्हा हळू बोलायला लागली होती. "तिनं विचारलं, माझ्या शेजारी कोण बसलंय? मला कळेना, तुम्ही तर तिथंच होतात. नाव सांगावं की नाही, म्हणून म्हटलं, बघून सांगते."

बाई तशाच तडक दुकानात गेल्या. चष्मेवाली नुकतीच उठून तोंड धूत होती. त्यांना बघताच म्हणाली, "आज शेजारी कुणीतरी होतं. चेहरा काही दिसला नाही. पण ऊब लागली बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

त्या दिवशी दोघींनी दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेतला. चष्मेवालीनं वडिलांच्या आजारपणाचं सांगितलं, बाईंनी ताईचं. खोलीचा विषय दोघींनीही काढला नाही.

पुढच्या वर्षी तारांचं काम पुरं झालं. विभागप्रमुखांनी पुन्हा नेहमीची खोली देऊ केली, तिथं पंखे चांगले होते. बाईंनी तिसरा मजलाच मागितला. प्रमुखांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं मुलांना प्रश्न सुचतात." ताईनं चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी विचारलं, "ती आली का?"

ती येत होती. रोज एकच प्रश्न, ज्याच्या त्याच्या फळ्यावर गाळलेल्या पायरीचा. नव्या मुलांना बाई आधी काही सांगत नसत. संध्याकाळी दुकानात जाऊन त्या आपली वही उघडीत, आणि चष्मेवाली काच घासता घासता आपलं मत देई. कुणाचं अक्षर गिचमिड, कुणी प्रश्न विचारल्यावर कपाळाला आठी घालतं, कुणी घड्याळ बघतं. बाईंच्या नजरेतून सुटलेलं तिच्या नजरेतून सुटत नसे. एके दिवशी ती म्हणाली, "तो इतिहासवाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं फळ्याकडे बघून दिलं. सांगा त्याला."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. सकाळी त्या इतिहासवाल्याला म्हणाल्या, "काल प्रश्नाचं उत्तर देताना तुम्ही पाठ फिरवलीत. असं करायचं नाही."

तो वरमला. "चुकलंच बाई." मग जरा घोटाळला. "पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तेव्हा फोन घ्यायला बाहेर गेला होतात."